उलट बाजूचे वाचन

माझ्या सुयांवर सध्या तीन कामे आहेत. भाचीचे दिवस भरत आले आहेत. तिच्या बाळंतविड्यातले टोपडे आणि मोजे झाले, स्वेटरची एक बाही तेवढी राहिली आहे. दुसरी एक गोल शाल आहे, ती ५७६ टाक्यांपाशी अडली आहे, कारण तिथून पुढे एकेक फेरी अर्धा अर्धा तास खाते. तिसरा आहे आईचा स्वेटर. आई ऐंशीच्या घरात आहे. तिने आमच्या घरातल्या चार पिढ्यांसाठी विणले, पण तिच्या अंगात मी तिने स्वतःसाठी विणलेला स्वेटर कधी पाहिलेला नाही.

या तीन कामांच्या शेजारी पुस्तकांचीही एक थप्पी आहे. घर सजवणे, रांधणे, विणणे, शिवणे यांविषयी बायकांनी बायकांसाठी लिहिलेली ही पुस्तके मी गेली काही वर्षे नेटाने वाचते आहे. मध्यंतरी एका चर्चासत्रात या वाचनावर निबंध वाचला. तो संपल्यावर एका ज्येष्ठ अभ्यासकांनी विचारले, ‘‘बाई, यात समीक्षा करण्यासारखे काय आहे? ही तर कृतींची पुस्तके.’’ सभागृहात हशा पिकला, मीही हसले. घरी येताना मात्र माझ्या लक्षात आले की उत्तर मला सुचले नव्हते. हा लेख म्हणजे ते उशिरा सुचलेले उत्तर आहे.

एकाच वर्षाची दोन पुस्तके

सुरुवात परदेशी पुस्तकांपासून करते, कारण ‘सर्जनशील गृहिणीपण’ ही कल्पना आज ज्या रूपात आपल्यापर्यंत येते त्या रूपाला घडवणारी दोन पुस्तके तिथली आहेत, आणि योगायोगाने दोन्ही १९७१ सालची आहेत. एक एडिथ शेफर यांचे ‘हिडन आर्ट’, दुसरे एलिझाबेथ झिमरमन यांचे ‘निटिंग विदाउट टिअर्स’.

घरकामाला मोठे नाव देण्याचा खटाटोप त्याआधीपासून चालू होता. अमेरिकेत कॅथरीन बीचर यांनी १८४१ मध्ये घरगुती व्यवस्थेवर ग्रंथ लिहून घरकाम हे शिस्तीने शिकण्याचे शास्त्र आहे, असे मांडले. बीचरबाईंनी स्वतः लग्न केले नव्हते, हे सहज नोंदवून ठेवते. विसाव्या शतकाच्या आरंभी क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी कारखान्यातली कार्यक्षमतेची तत्त्वे स्वयंपाकघरात आणली. ओट्याची उंची किती असावी, भांडी कुठे ठेवली तर हेलपाटे वाचतील, याचा हिशेब त्या करत होत्या. म्हणजे घरकाम आधी कर्तव्य होते, मग शास्त्र झाले. शेफरबाईंच्या हाती ते कला झाले.

एडिथ शेफर यांचा जन्म १९१४ मध्ये चीनमध्ये, मिशनरी आईवडिलांच्या पोटी झाला. नवरा धर्मशिक्षण घेत होता तेव्हा त्यांनी लोकांचे कपडे शिवून संसार चालवला. १९५५ पासून स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगरी गावात त्या दोघांनी आपले घर येणाऱ्याजाणाऱ्या तरुणांना उघडे केले. ‘हिडन आर्ट’ या अनुभवातून आले आहे. संगीत, चित्र, बाग, फुलांची मांडणी, अन्न, लेखन, नाट्य, कपडे अशी एकेक कला घेऊन त्या सांगतात, की तुम्ही व्यावसायिक कलावंत नसाल, म्हणून तुमच्यातली कला मरू देऊ नका. ती रोजच्या जगण्यात वापरा. पत्राच्या कडेला चित्र काढा, साध्या जेवणाच्या ताटाशेजारी एक फूल ठेवा. ईश्वर निर्माता आहे आणि माणूस त्याची प्रतिमा आहे, म्हणून निर्मिती हा माणसाचा स्वभाव आहे, ही त्यांची धार्मिक बैठक. ती मान्य नसणाऱ्या वाचकालाही पुस्तकातला जिव्हाळा जाणवतो. त्यात खरेदीची यादी नाही. श्रीमंतीची अट नाही. दारात आलेल्या भुकेल्या भटक्यालासुद्धा नीट मांडलेले ताट द्यावे, असे मानणारी ही बाई आहे.

माझी तक्रार दोन गोष्टींविषयी आहे. पहिली पुस्तकाच्या नावाची. १९७१ मध्ये नाव होते ‘लपलेली कला’, एवढेच. पुढच्या आवृत्त्यांमध्ये ते ‘गृहिणीपणाची लपलेली कला’ असे झाले. एका शब्दाची ही भर मोठी आहे. पहिले नाव कुणाही माणसाला उद्देशून आहे, दुसरे एका बाईला उद्देशून आहे. माणसाचा स्वभाव म्हणून जी निर्मिती सांगितली, ती बघता बघता घरधनिणीची जबाबदारी झाली.

दुसरी तक्रार वेळेची. हे पुस्तक वाचताना मी पेन्सिलीने समासात तास मांडत गेले. फुले आणणे, लावणे, पाव भाजणे, पडदे शिवणे, सचित्र पत्रे लिहिणे, मुलांना वाचून दाखवणे. प्रत्येक गोष्ट सुंदर आहे. बेरीज मात्र चोवीस तासांत बसत नाही, आणि ती कुणी करायची, हा प्रश्न पुस्तकात कुठेच उभा राहत नाही. जिथे काम ‘कला’ होते तिथे दमणे हा दोष ठरू लागतो. कर्तव्याला कंटाळा आला तर बाई निदान कुरकूर करू शकते. कलेचा कंटाळा आला असे कसे म्हणणार?

सुईच्या नंबरांचा घोळ

झिमरमनबाईंची गोष्ट वेगळी. त्या १९१० मध्ये इंग्लंडमध्ये जन्मल्या, लोझान आणि म्युनिक इथे चित्रकला शिकल्या, जर्मन माणसाशी लग्न करून १९३७ मध्ये अमेरिकेत गेल्या आणि पुढे विस्कॉन्सिनमधल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत राहिल्या. पन्नाशीच्या दशकात त्यांनी एका मासिकाला गोल विणलेल्या स्वेटरची कृती पाठवली. संपादकांनी ती बदलून पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा, अशी दोन सुयांवरची करून छापली. तेव्हा त्यांनी स्वतःचे पत्रक काढले, लोकर विकायला घेतली, पुढे दूरदर्शनवर विणकाम शिकवले आणि मग हे पुस्तक लिहिले.

या पुस्तकात ‘पहिली ओळ, दुसरी ओळ’ अशी ठरीव कृती फार कमी. मुख्य आहे ते प्रमाण. आधी नमुन्याचा तुकडा विणा आणि एका इंचात तुमच्या हाताचे किती टाके बसतात ते मोजा. छातीचा घेर गुणिले तेवढे टाके म्हणजे शंभर टक्के. मनगटाला त्याचे वीस टक्के, दंडाला तेहतीस, काखेत आठ, गळ्याशी चाळीस. लोकर जाड असो की बारीक, माणूस तीन वर्षांचा असो की साठ वर्षांचा, आकडे बदलतात पण प्रमाण राहते. आईच्या स्वेटरचा हिशेब मी असाच केला. छाती छत्तीस इंच, सैलपणासाठी चार, एकूण चाळीस. इंचाला पाच टाके, म्हणजे २००. मनगट ४०, दंड ६६, काख १६. अंग आणि दोन्ही बाह्या एका सुईवर आल्या की काखेतले टाके वजा जाऊन २६८ उरतात, आणि ते तीन टप्प्यांत घटवत नेले की गळ्याशी बरोबर ८० येतात. शाळेत शेकडेवारी शिकले, पण तिचा असा उपयोग कुणी सांगितला नव्हता.

या पुस्तकाने मला एकदा चांगलीच अद्दल घडवली, तीही सांगते. पहिल्यांदा वाचले तेव्हा अमेरिकन सुईचा नंबर आपलाच समजून मी ८ नंबरच्या सुया घेतल्या. आपल्याकडची ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, त्यांची ५ मिलिमीटरची. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांच्याकडे जाड. नमुन्याचा तुकडाही मी विणला नाही. नवऱ्यासाठी घातलेला स्वेटर शेवटी मुलाला आला. बाईंनी पानोपानी सांगितले होते की माझ्या आकड्यांवर विसंबू नका, आधी तुमचा हात मोजा. मी आज्ञा शोधत होते, त्या मात्र मला निर्णय घ्यायला सांगत होत्या.

या दोन पुस्तकांत मला भेद दिसतो तो इथे. शेफरबाई वाचकाला उमेद देतात, झिमरमनबाई मोजपट्टी देतात. उमेद ओसरते. मोजपट्टी हाती राहते, आणि तिच्या आधारे वाचक लेखकालाही चूक ठरवू शकतो. नवीन युक्तीबद्दल ‘मी शोध लावला’ असे न म्हणता, कुणीतरी आधी केलेले मी उकरून काढले, अशा अर्थाचा एक गमतीदार शब्द झिमरमनबाईंनी घडवला. अनामिक विणणाऱ्या बायकांच्या ऋणाची ही कबुली मला मोठ्या प्रस्तावनेपेक्षा मोलाची वाटते. १९७४ च्या पुस्तकात त्यांनी दिलेली गोल शालही अशीच. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली की परीघ दुप्पट होतो, म्हणून टाकेही ठरावीक फेऱ्यांनंतर एकदम दुप्पट करायचे, मधे काही नाही. ९, १८, ३६, ७२, १४४, २८८, ५७६. माझी अडलेली शाल हीच.

वाटी

हे वाचताना मला सारखी आठवण येत होती ती कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ची. तिची पहिली आवृत्ती १९७० ची, म्हणजे या दोन पुस्तकांच्या एकच वर्ष आधीची. कमलाबाईंचा या दोघींशी काही संबंध नाही. पण ‘रुचिरा’ घरोघरी का गेले, याचे उत्तर झिमरमनबाईंच्या शेकडेवारीशी जुळते.

मराठीत पाककृतींचे पुस्तक तेव्हा नवे नव्हते. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चे. जुन्या कृती शेर, पावशेर, तोळे यांत बोलत. त्यासाठी घरात तराजू हवा, किंवा मोठ्या कुटुंबाला रांधलेला सराईत हात हवा. ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा घेतला. वाटी प्रत्येक घरात असते आणि प्रत्येक घरातली वेगळी असते. पण एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, हे सांगताना वाटी केवढी, हे महत्त्वाचे राहत नाही. नोकरीसाठी शहरात आलेली, सासू-आई जवळ नसलेली, दोघांपुरता स्वयंपाक करणारी मुलगी त्या वाटीने स्वतःचे माप स्वतः ठरवू शकली. झिमरमनबाईंचा टाका आणि कमलाबाईंची वाटी ही एकाच जातीची एकके आहेत. दोघींनी ज्ञान सोपे केले असे आपण म्हणतो. मला वाटते, त्यांनी ज्ञान हलवता येईल असे केले. ते एका घरातून दुसऱ्या घरात गेले तरी मोडले नाही.

चर्चासत्रातल्या प्रश्नाचे माझे उत्तर इथून सुरू होते. कृती हा आज्ञार्थी गद्याचा प्रकार आहे, आणि त्याची कसोटी आहे: लेखक समोर नसताना वाचकाचा हात किती स्वतंत्र होतो? या कसोटीवर पुस्तके चांगली-वाईट ठरतात. असे ठरवण्यालाच समीक्षा म्हणतात.

रुखवतावरची कला

पण प्रमाण सांगून सगळे संपत नाही. घरातली कला आपल्याकडे नुसती लपलेली नव्हती. ती मांडावीही लागे, आणि तिची परीक्षा होई. रुखवत हे तिचे प्रदर्शन. क्रोशाचे टेबलक्लॉथ, लोकरीची तोरणे, मण्यांची कामे, भरतकामाच्या उशा हारीने मांडायच्या आणि वरपक्षाने पाहायच्या. रोझिका पार्कर यांनी १९८४ च्या ‘द सब्व्हर्सिव्ह स्टिच’ या ग्रंथात युरोपातल्या भरतकामाविषयी दुहेरी सिद्धान्त मांडला. सुईने मुलींना बाईपणाचे वळण लावले, मान खाली घालून गप्प बसायला शिकवले. त्याच सुईने बायकांना त्या वळणाशी झगडण्याची जागाही दिली. रुखवताला हे दोन्ही लागू आहे. ते उमेदवारीचे प्रमाणपत्र होते, आणि बायकांना चारचौघांत आपले काम मांडता येईल अशी ती एक जागाही होती.

मुलींच्या शिक्षणातही सुई अशीच दुधारी राहिली. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली, तेव्हा मुलींना इंग्रजी आणि इतर विषय मुलांसारखे शिकवावेत की संसाराला उपयोगी तेवढेच, यावर वाद पेटला आणि ‘केसरी’ने शाळेच्या अभ्यासक्रमावर टीकेची झोड उठवली. १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले तेव्हा मातृभाषेतून उच्च शिक्षण दिले आणि त्यात गृहजीवनशास्त्रालाही स्थान दिले. एका बाजूने पाहिले तर हा घराचा उंबरठा विद्यापीठात आणणे होते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर घरातल्या ज्ञानाला पहिल्यांदा पदवीची प्रतिष्ठा मिळाली. मला दोन्ही खरे वाटते.

माझ्या स्वतःच्या रुखवतावर क्रोशाचा एक मोठा टेबलक्लॉथ होता. साखळ्या, खांब, मुके खांब, मधे अननसाची नक्षी. त्यापुढे सुंदर अक्षरात लिहिलेली चिठ्ठी होती, ‘वधूने स्वहस्ते केलेले’. ते काम आईचे होते. मी तेव्हा एम.ए.ची परीक्षा देत होते आणि मला साखळीही धड येत नव्हती. सासरच्या मंडळींनी कौतुक केले, मी मान खाली घातली, आणि आई पंगतीची व्यवस्था बघत होती. आज मी विणकामावर निबंध लिहिते. त्यावरही माझेच नाव असते.

कापलेली पाने

आईची एक वही आहे. शाळेत असताना, १९६२ च्या युद्धात, जवानांसाठी स्वेटर पाठवायचे होते तेव्हा तिने ती घातली. पहिल्या पानावर बिनबाह्यांचा स्वेटर आहे: ‘१० नं. सुया, पट्टी २ सु. २ उ., ३ इंच. मग ८ नं.’ पुढे मुंढा, गळा, खांदा असे शिंप्याचे शब्द विणकामात येतात. त्यानंतर पानेच्या पाने टोपडी, कुंच्या, मोजे. पुण्यामुंबईची थंडी ती काय; मराठी घरात लोकर मुख्यतः बाळांसाठीच आणली जाई, आणि दिल्लीला किंवा परदेशी गेलेल्यांसाठी. प्रत्येक कृतीपुढे कुणासाठी, ते लिहिले आहे. ‘बाबूसाठी’, ‘वन्सं’, ‘धाकट्या जाऊबाईंचे दुसरे’. ‘माझा’ असे एकाही पानावर नाही.

वहीत मासिकांची कात्रणे चिकटवली आहेत. पन्नास वर्षांची खळ सुकून काही सुटून आली, तेव्हा मी ती उलटून पाहिली. एका जाळीच्या विणीच्या पाठीमागे एका कथेचा मधला तुकडा आहे. नायिका दारात उभी आहे आणि काहीतरी ठरवते आहे. काय ते कात्रीबाहेर गेले. दुसऱ्या कात्रणामागे हुंड्याविषयीच्या वाचकपत्राचा शेवट आहे. मराठी स्त्री-मासिकांचे स्वरूपच असे होते. १९३० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ काढले तेव्हापासून विचार आणि विणकाम एकाच मुखपृष्ठाआड नांदले. आपण अभ्यासक त्यातला विचार उचलतो आणि विणकाम गाळतो. आईने विणकाम कापून घेतले आणि विचार पाठीमागे राहिला.

ही कथा पुरी करावी म्हणून मी एका जुन्या ग्रंथालयात बांधीव खंड चाळले. कथा सापडली नाही. पण एक वेगळी गोष्ट दिसली. अनेक अंकांत विणकामाची पाने नव्हती. कुणी पातीने, कुणी ओल्या दोऱ्याने सफाईने काढून नेली होती. ग्रंथपाल ओशाळले. मला आधी राग आला, मग थांबून मी नेमकी कोणती पाने गेली आहेत त्याची नोंद करू लागले. संपादकीये शाबूत आहेत. कविता शाबूत आहेत. गेले ते स्वेटर. वाचकांनी काय वाचले याचा इतका स्पष्ट पुरावा साहित्याच्या इतिहासात क्वचित मिळतो. पण जे सर्वांत जास्त वाचले गेले तेच आज अभ्यासाला उपलब्ध नाही, आणि ते नाही म्हणून ते महत्त्वाचे नव्हते, असे आपण धरून चालतो. हे साहित्य जपणे आता ग्रंथालयांच्या हाती उरलेले नाही. ते आयांच्या ट्रंकांमध्ये आहे, आणि ट्रंका दर दिवाळीच्या साफसफाईत रिकाम्या होत आहेत. वाचकांपैकी कुणाच्या घरी अशी वही असेल तर रद्दीत देण्याआधी निदान कुणी, केव्हा, कुणासाठी, एवढे विचारून पहिल्या पानावर लिहून ठेवावे, ही विनंती मी संशोधक म्हणून करते.

मागचा गळा

झिमरमनबाईंच्या प्रमाणालाही एक मर्यादा आहे, ती मला आईच्या अंगावर कळली. शेकडेवारी गृहीत धरते की शरीर ताठ आहे. आईची पाठ आता वाकली आहे. २६८ चे ८० होईपर्यंत सगळे बरोबर आले, पण अंगात घालून पाहिले तर मागचा गळा खाली ओढला गेला आणि पुढचा हनुवटीला लागला. यावर उपाय त्याच पुस्तकात आहे: मानेमागे काही ओळी पुऱ्या न करता अर्ध्यातून वळवायच्या, म्हणजे मागची बाजू उंच होते. किती ओळी, ते मात्र पुस्तक सांगू शकत नाही. ते आईच्या पाठीवर हात ठेवूनच ठरवावे लागले. मी गळा उसवला आणि सहा ओळी वळवल्या.

मग मी तिला रुखवताच्या चिठ्ठीची गोष्ट काढली. म्हटले, वहीवर तुझे नाव आणि साल घालते, आणि टेबलक्लॉथच्या कोपऱ्यातही तुझे नाव भरते. ती म्हणाली, ‘‘नाव कशाला? त्या वेळी सगळ्याच घरांत तसंच असायचं.’’ तिने स्वेटर हातात घेतला, उलटा केला आणि चष्मा कपाळावर सरकवून आतले दोरे डोळ्यांजवळ नेऊन पाहू लागली. एक शेवट सैल राहिला होता. तो तिने नखाने दाखवला.

मी तो आत घेतला. वहीवर नाव आणि साल मात्र लिहिले.